शून्य मिस्ड कॉल

पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एका कंपनीचं पुण्यात कॉल सेंटर होतं. बारा जण कानाला हेडफोन लावून बसत. आलेला फोन सॉफ्टवेअर मोकळ्या माणसाकडे पाठवी. वीस सेकंदांत उचलला नाही, तर तो दुसऱ्याकडे वळे आणि पहिल्याच्या नावापुढे मिस्ड कॉलचा लाल आकडा चढे. कॉल संपला की नोंदीला दहा सेकंद मिळत. मग माणूस ‘रेडी’ आहे असं धरून पुढचा फोन येई.

नव्या टीम लीडरने महिन्याचा रिपोर्ट काढला. सगळ्यांत मोठा लाल आकडा होता सगळ्यांत जुन्या ताईंच्या नावापुढे. “मुरलेली माणसं अंग चोरतात,” असा निवाडा करून त्याने सेटिंग बदललं. फोर्स्ड राउटिंग चालू! आता रिंग नाही, फोन उचलायचं बटण नाही. कानात बीप वाजायची आणि ग्राहक थेट बोलू लागायचा. नोंदीचे दहा सेकंदही गेले. व्हॉट्सॲपच्या मेसेजांनाही तोच नियम. कॉल चालू असताना समोर तीन-तीन चॅट आपोआप उघडू लागले.

मिस्ड कॉल शून्यावर आले. साहेबांनी सगळ्यांसमोर लीडरची पाठ थोपटली.

पण महिना सरता सरता फोनांची रांग वाढतच गेली. विक्री तेवढीच, मग हे फोन येतात कुठून? लीडर ताईंशेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्यांचे कॉल ऐकू लागला.

साताऱ्याहून एक आजी बोलत होत्या. फिल्टरचं पाणी मचूळ लागत होतं. ताई लिहीत होत्या : ‘मारुतीच्या देवळामागचा बोळ, निळं गेट, दुस...’ आजींनी फोन ठेवला न ठेवला तोच बीप. “हॅलो, अहो हॅलो!” दुसराच गृहस्थ तावातावाने सुरू झाला. आजींचा मजला लिहायचा राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक खालूनच परत गेला. आजींनी पुन्हा फोन केला, तो लागला तिसऱ्याच माणसाला, आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली.

लीडरने आता वेगळा रिपोर्ट काढला : एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा फोन करावा लागलेले ग्राहक. जुन्या महिन्यांत ताईंच्या नावावर असे सर्वांत कमी होते.

“ताई, तेव्हा तुम्ही रिंग वाजू का द्यायचात?”

“सर, नवा फोन दुसरं कुणीतरी उचलणारच. पण आधीच्याचा पत्ता माझ्याशिवाय कोण लिहिणार?”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही आकड्यांना विचारलंत. मला कुठे विचारलंत?”

सिस्टीम सांभाळणारे वयस्क गृहस्थ हे ऐकत होते. ते म्हणाले, “कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. ताटकळणाऱ्या कॉलचं गणित त्याने 1917 सालीच मांडलं. त्यातून निघतं ते हेच : माणसं क्षणभरही मोकळी ठेवली नाहीत, तर रांग संपत नाही, फुगते.”

लीडरने फोर्स्ड राउटिंग बंद केलं नाही, कारण फोन टाळणारेही दोघे-तिघे होतेच. पण नोंदीला त्याने चाळीस सेकंद दिले आणि गरज पडल्यास वेळ वाढवायचं बटण माणसाच्या हाती ठेवलं. कॉल चालू असेतो चॅट थांबतील, असं केलं. मिस्ड कॉल शून्यावरच राहिले. दुसऱ्यांदा येणारे फोन मात्र ओसरले.

तात्पर्य : काम कुणाच्या गळ्यात घालायचं, हे यंत्राला ठरवता येतं. त्या माणसाच्या हातातलं आधीचं काम पुरं झालं का, हे मात्र त्यालाच विचारावं लागतं.