जिम थॉर्पचा अर्धा राहिलेला विधी

कार्लाइलच्या शाळेकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला, १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकलेला जिम थॉर्प १९५३ साली वारला. ओक्लाहोमात त्याच्या सॅक आणि फॉक्स जमातीचे अंत्यविधी चालू असतानाच तिसरी बायको पोलिसांसह आली आणि शवपेटी घेऊन गेली. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाने त्याचं नाव स्वतःला लावून घेतलं, देह तिथे ठेवला. थडग्याखाली ओक्लाहोमाची माती आहे. मला ती पुरेशी वाटत नाही.

विधी पुरा होणं म्हणजे काय, ते मला माझ्या वडिलांच्या दहाव्याला कळलं. पिंडाला कावळा शिवेना. उन्हं चढली, भातावरचे तीळ वाळून चिकटले. शेवटी काका हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनींना आम्ही सांभाळू." आत्मा असतो की नाही, मला सांगता येणार नाही, पण त्या शब्दाने आम्ही सगळे बांधले गेलो आणि आईच्या शेवटापर्यंत तो पाळला. विधी गेलेल्याइतकाच मागे उरलेल्यांचा असतो. तो मध्येच मोडणं मी पाप मानतो.

थॉर्पची काढून घेतलेली पदकं परत मिळाली. २०२२मध्ये तो पुन्हा एकमेव विजेता ठरला. देहासाठी मात्र मुलं कोर्टात हरली. २०१५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्या गावाने आता स्वतःहून त्याला ओक्लाहोमाला जाऊ द्यावं.