वर्षअखेरचें माप

वर्षअखेर आली, कीं घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो: 'किती गुण मिळाले?' गणिताच्या बाबतींत हा प्रश्न बव्हंशीं योग्यच होय. परंतु वर्षभर काव्य वाचलेल्या विद्यार्थ्याची वाढ कशावरून ओळखावी, हें ठरवूं लागलें म्हणजे तें माप अपुरें पडतें, असें आम्हांस वाटतें.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एखादा वर्ग डोळ्यांपुढें आणूं. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या बाजूस मेघ ही केवळ कवींची मिरासदारी नव्हे. ज्येष्ठांत तो समुद्रावरून चढूं लागला, कीं कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढल्या जातात आणि शेतकऱ्याचे डोळे भाताच्या रोपाकडे लागतात. अशा घरचा मुलगा 'मेघदूता'ची कथा प्रथम ऐकतो, तेव्हां म्हणतो, 'ढग कुठें निरोप नेतो का?' आक्षेप रास्त आहे. कालिदासानें स्वतःच तो आरंभीं घेतला आहे. मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी व वारा यांचा पुंजका; त्यास निरोप काय कळणार? पण विरहानें व्याकुळ झालेल्यास चेतन-अचेतन हा भेद उरत नाहीं, असें त्याचें उत्तर आहे. वर्षाच्या आरंभीं मुलास कथेंतील विसंगति दिसते. वर्षाच्या शेवटीं यक्षाचें दुःख दिसूं लागतें. ढग निरोप नेत नाहीं, हें ज्ञान त्यानें टाकलेलें नसतें. त्या ज्ञानाशेजारीं दुसऱ्याच्या मनास जागा दिलेली असते. वाढ म्हणतात ती हीच.

येथें वाचक विचारतील, कीं वाङ्मयानें माणूस चांगला होतो काय? तसें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. रसिक म्हणून मिरविणारे आणि घरच्या गड्याशीं निष्ठुरपणें वागणारे लोक कोणीं पाहिले नाहींत? वाङ्मय दृष्टि देतें, इच्छाशक्ति देत नाहीं. परंतु ज्यानें परक्याचें दुःख एकदां ओळखलें, त्यास 'मला तें दिसलेंच नाहीं' ही सबब उरत नाहीं. यापुढें तो कठोर झाला, तर जाणूनबुजून होईल. वर्गाचें नैतिक कार्य इतकेंच. पण तें थोडें नव्हे.

मग गुण व्यर्थ काय? तसेंही नव्हे. महाडजवळच्या नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांस मिळाली. पुढें केंब्रिजला त्यांनीं वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, आणि १९४३ मध्यें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या अधिकारांत काव्याची गरज कोणास भासली नसती. तरीही त्यांनीं 'मेघदूता'चा मराठींत अनुवाद केला, आणि १९६९ मध्यें त्यांच्या संस्कृत कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १९१२ च्या परीक्षकास या विद्यार्थ्याचें भाषाज्ञान मोजतां आलें, व त्यानें तें योग्यच मोजलें. परंतु कोणी परीक्षक नसतांना हा कालिदासाकडे परत येईल कीं नाहीं, हें त्यास कळणें शक्य नव्हतें.

निकाल हातीं आल्यावर पालकांनीं गुण अवश्य पाहावेत. त्यानंतर मुलास एवढेंच विचारावें: 'आरंभीं तुला जें खोटें वाटलें होतें, तें आतां कसें दिसतें?' उत्तर देण्यापूर्वीं तो क्षणभर थांबला, तर वर्ष फुकट गेलें असें समजूं नये.