थर्मोस्टॅट म्हणजे नळ नव्हे

खाली बस. आणि तो फोन आधी खिशात घाल, त्या ॲपमध्ये तुला काहीही सापडणार नाही. बाहेर न्यू जर्सीतला जानेवारी, घरात फर्नेस रात्रभर बंद, मुलगी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून झोपलेली, आणि तू सकाळी मला सांगतोस, ‘सर, नव्या थर्मोस्टॅटचा पीसच डिफेक्टिव्ह निघाला.’ पीस उत्तम आहे. डिफेक्टिव्ह निघाला तो बसवणारा. मी तुला दोन वर्षं फिजिक्स शिकवलंय, त्यामुळे हे बोलण्याचा मला अधिकार आहे आणि ऐकून घेणं तुझं कर्तव्य आहे.

आधी मला हे सांग, ब्रेकर का पाडला नाहीस? ‘लो व्होल्टेज असतं, सर.’ असतं ना. खाली बेसमेंटमध्ये फर्नेसच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसलाय, तो १२० व्होल्टचे २४ करतो आणि त्या २४ व्होल्टवर भिंतीतल्या या बारीक तारा चालतात. त्यांना हात लागला तर माणूस मरत नाही, इथवर तुझं बरोबर. पण शॉक बसत नाही म्हणून शॉर्ट होत नाही, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? माझ्या वर्गात तरी नाही. या तारांपैकी आर म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज आणि सी म्हणजे तिची परत जायची वाट. मध्ये काहीही नसताना ही दोन टोकं एकमेकांना टेकली की काय होतं, ते दहावीचं पोरगंसुद्धा सांगेल.

आता तू काय केलंस ते मीच सांगतो, कारण तू ते तीन वेळा तीन प्रकारे सांगितलंस. जुन्या थर्मोस्टॅटला चारच तारा होत्या. आर, डब्ल्यू, वाय आणि जी. वीज, हीटिंग, कूलिंग आणि पंखा. पाचवी निळी तार भिंतीत गुंडाळून ठेवलेली होती, कारण जुन्या यंत्राला तिची गरजच नव्हती. त्याच्यात एक धातूची गुंडाळी आणि काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब. गारवा आला की गुंडाळी वळायची, कुपी कलायची, पारा सरकून सर्किट जोडायचा. वीज खायचाच नाही तो. तुझ्या नव्या यंत्राला रंगीत पडदा आहे, वायफाय आहे, त्याला चोवीस तास वीज लागते आणि ती सी-वाचून नीट मिळत नाही. डब्यातल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर हे छापलंय. तू ते पत्रक कुठे ठेवलंस? कॉफीच्या कपाखाली.

चार तारांवर चालवून पाहिलंस. मग यंत्र बिचारं हीटिंगच्या नाहीतर कूलिंगच्या तारेतून थोडीथोडी वीज चोरत राहिलं, खाली फर्नेसचा रिले थडथडायला लागला, पडदा मध्येच काळा व्हायला लागला. मग तुला कुणीतरी सी-वायर सांगितली. तू खाली गेलास, फर्नेसचं दार काढलंस, निळी तार सी-ला जोडलीस, दार लावलंस. त्या दारामागे एक स्विच असतो. दार निघालं की फर्नेसची वीज तुटते, दार बसलं की परत येते. म्हणजे दार लावून तू स्वतःच्या हाताने वीज चालू केलीस आणि वर येऊन उघड्या तारांशी खेळत बसलास. लाल टोक निळ्या टोकाला लागलं. कंट्रोल बोर्डावरचा ३ अँपिअरचा फ्यूज गेला. तो जांभळा, चपटा, मोटारीत असतो तसला. थोडक्या डॉलरांची वस्तू, पण तो गेला म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला. काल रात्री या घरात आपलं काम ज्याला नीट येत होतं, असा तो एकटाच होता.

आणि रंग! ‘सर, मी कलर कोडप्रमाणेच जोडलं.’ लाल आर, पांढरी डब्ल्यू, पिवळी वाय, हिरवी जी हा प्रघात आहे. भिंतीत कधीकाळी तार ओढणाऱ्या माणसाने तो पाळलाच असेल, अशी हमी तुला कोणी दिली होती? त्याच्या हाताला त्या दिवशी तपकिरी तार लागली असेल तर त्याने तपकिरी जोडली असेल. जुन्या यंत्रावर कोणत्या अक्षराच्या स्क्रूला कोणती तार होती, तेवढंच खरं मानायचं. त्यासाठी डब्यात अक्षरांच्या चिकटचिठ्ठ्या दिलेल्या आहेत. त्या तशाच कोऱ्या पडल्यात. एक फोटो काढला असतास तरी चाललं असतं. मिसळीचे फोटो काढतोस, बर्फाचे काढतोस, पार्किंगच्या पावतीचा काढतोस. तारांचा मात्र नाही.

शनिवारी तू बॉस्टनच्या मित्राकडे हेच ‘बसवून द्यायला’ जाणार आहेस, असं ऐकलं. जाऊ नकोस. त्याच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांखाली भिंतीलगत विजेचे लांबट हीटर आहेत ना? तिथल्या थर्मोस्टॅटमागच्या तारा जाड असतात. त्यांत २४ नव्हे, २४० व्होल्ट खेळत असतात, आणि तुझं हे यंत्र तिथे चालतच नाही. काल जे इथे केलंस ते तिथे केलंस, तर जळणारी वस्तू जांभळी आणि चपटी नसेल.

हे झालं बसवण्याचं. एवढ्यावर मी तुला सोडून दिलं असतं. हात चुकतो माणसाचा. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

सकाळी तंत्रज्ञ येऊन गेला, फर्नेस सुरू झाली, आणि तू धावत जाऊन काय केलंस? आकडा ८० फॅरनहाइटवर नेलास. का? ‘लवकर गरम व्हावं म्हणून.’ अरे, इंजिनिअर ना तू? या घरातली फर्नेस एकाच जोराने चालते. एकतर पेटते, नाहीतर विझते. ६८ मागितलंस तरी ती त्याच वेगाने चालणार आणि ८० मागितलंस तरी त्याच. फरक एवढाच की ६८ ला ती वेळेवर थांबली असती. तू थर्मोस्टॅटला नळ समजतोस, जास्त फिरवला की धार मोठी. तो साधा पहारेकरी स्विच आहे. सांगितलेला आकडा गाठला की बंद करायचं आणि खाली घसरला की चालू करायचं, एवढंच त्याला कळतं. विलेट केम्प्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८६ मध्ये नेमक्या याच गैरसमजावर आख्खा शोधनिबंध लिहिला. माणसं घरातल्या उष्णतेबद्दल मनात काय काय कल्पना घेऊन वावरतात, हे त्याने लोकांशी बोलून दाखवून दिलं. तेव्हा तू जन्मलाही नसशील, पण वर्णन तुझं आहे. आणि हा अमेरिकेचाच रोग आहे असं समजू नकोस. पुण्यात तुझे वडील एप्रिलमध्ये बाहेरून आले की एसीचा रिमोट १६ सेल्सिअसवर नेतात आणि अर्ध्या तासाने पांघरूण मागतात. आपल्याकडे २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतील असा नियम झाला, तो उगाच नाही.

दुसरी गोष्ट. हे यंत्र तू शेड्यूलसाठी घेतलंस. सूनबाईंना तसंच सांगितलं होतंस ना? बिल कमी होईल म्हणून? मग त्याच्यावर ‘होल्ड’ का लिहिलंय? होल्ड म्हणजे कार्यक्रम गेला चुलीत, हाच आकडा धरून बस. म्हणजे सगळी अक्कल बंद करून तू त्या महागड्या यंत्राला जुन्या पाऱ्याच्या कुपीचंच काम दिलंस, आणि ते काम कुपी वीज न खाता करत होती.

तुझ्यासारखे इतके निघाले की सरकारला दखल घ्यावी लागली. अमेरिकेची पर्यावरण संस्था पूर्वी प्रोग्रॅम करता येणाऱ्या थर्मोस्टॅटना ‘एनर्जी स्टार’चा शिक्का द्यायची. २००९ च्या अखेरीस तिने तो काढून घेतला. यंत्रं बिघडलेली नव्हती. लोक ती प्रोग्रॅमच करत नव्हते, त्यामुळे कागदावरची बचत घरात दिसत नव्हती. पुढे २०१७ मध्ये स्मार्ट थर्मोस्टॅटसाठी शिक्का परत आला, तोही यंत्र घराघरांत प्रत्यक्ष काय वाचवतं याची आकडेवारी मागून. तू ते स्मार्ट यंत्र आणलंस आणि पहिल्याच दिवशी त्याचं तोंड बांधलंस.

‘पण सर, रात्री कमी करून सकाळी पुन्हा गरम करायला जास्तच गॅस लागतो ना?’ हा प्रश्न तू काल जेवताना विचारलास, तेव्हा माझा घास हातातच राहिला. न्यूटनचा कूलिंगचा नियम मी तुला शिकवला होता, पाण्याच्या कॅलरीमीटरवर प्रयोगही करून घेतला होता. तुझ्या जर्नलवर सही माझी आहे. वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढ्या वेगाने उष्णता बाहेर जाते. घर हीच वस्तू. रात्री आतलं तापमान खाली आलं की बाहेरच्या थंडीशी फरक कमी होतो आणि भिंतींतून, खिडक्यांतून उष्णता कमी पळते. सकाळी फर्नेस तासभर सलग चालताना दिसते, ते तुझ्या डोळ्यांवर येतं. रात्रभर ती चाललीच नाही, ते दिसत नाही, कारण तेव्हा तू घोरत असतोस. इथल्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा, की दिवसाचे आठ तास ७ ते १० अंश फॅरनहाइट खाली ठेवलं तर हीटिंग-कूलिंगच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. आठ तास म्हणजे तुझी झोप झाली. काहीही सोसायचं नाही, फक्त पांघरूण घ्यायचं.

एक अपवाद लक्षात ठेव, नाहीतर शार्लटच्या तुझ्या वर्गमित्राला हेच अर्धवट ज्ञान पाजशील. त्याच्याकडे गॅस नाही, हीट पंप आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून एका युनिट विजेत दोन-तीन युनिट ऊब देतो. पण रात्री दहा अंश उतरवून सकाळी एकदम चढवलं, की पंपाला ते झेपत नाही आणि विजेची साधी कॉइल मदतीला येते. ती एका युनिटला एकच युनिट देते. वाचवलेलं सगळं तिथे जातं. त्याने दोन-तीन अंशच उतरवावेत, आणि मदतीची कॉइल कधी येऊ द्यायची ती मर्यादा सेटिंगमध्ये नीट लावावी. शिवाय त्याच्याकडे ओ/बी नावाची तार असेल. ती पंपाची दिशा पालटते. तिथे ओ की बी हे चुकीचं निवडलं की थंड मागितल्यावर गरम येतं. मग तोही म्हणेल, पीस डिफेक्टिव्ह.

सूनबाई, तुम्हीही ऐका, तुम्हाला मी रागावत नाही. थर्मोस्टॅटची जागा ठीक आहे, आतली भिंत आहे, जमिनीपासून पाच फूट आहे, ऊन येत नाही. पण त्याच्या बरोबर खाली तुम्ही देव्हारा मांडलाय. संध्याकाळी समई लागली की गरम हवा सरळ वर जाते आणि यंत्राला वाटतं, घर उबलं. फर्नेस थांबते आणि आतल्या खोलीत पोर कुडकुडते. देव्हारा चार हात सरकवा, देवाची काही हरकत नसेल. आणि तारा येतात ते भिंतीतलं भोक बुजवून घ्या. भिंतीच्या पोकळीतला गार वारा त्यातून यंत्राच्या पाठीवर येतो, मग ते उलट चुकतं.

तू हसू नकोस. हे यंत्र कोणी काढलं माहीत आहे? वॉरन जॉन्सन. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावच्या अध्यापक विद्यालयातला मास्तर. वर्ग चालू असताना शिपाई दर थोड्या वेळाने आत येऊन तापमान बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय नको, म्हणून त्याने विजेवर चालणारं यंत्र केलं, त्याचं पेटंट १८८३ मध्ये घेतलं आणि पुढे मिलवॉकीत कारखाना काढला. वर्गात लक्ष लागावं म्हणून एका मास्तराने काढलेली वस्तू आहे ही, आणि माझ्या वर्गातला तू, लक्ष न देता ती लावतोस.

आता वही घे. ॲप नको, वही. तुम्ही दोघं किती वाजता उठता, घर कधी रिकामं असतं, पोर पाळणाघरातून कधी येते, झोपता कधी, हे सोमवार ते रविवार लिहून काढ. जागेपणी ६८, झोपेत आणि घर रिकामं असताना ६०. उठण्याची वेळ खरी लिही, फर्नेस किती आधी पेटवायची ते यंत्र हळूहळू स्वतः शिकतं. फेब्रुवारीत भारतात जाणार आहात, तेव्हा बंद करून जाण्याचा शहाणपणा करू नकोस. ५५ वर ठेवून जा, नाहीतर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतील. पंखा ‘ऑटो’वर. होल्ड काढ. लिहून झालं की मला दाखव, मगच बटणाला हात लाव.

आणि तो जुना, पाऱ्याचा थर्मोस्टॅट मला सकाळी गॅरेजमधल्या कचऱ्याच्या डब्यात दिसला. त्यात तीन-चार ग्रॅम पारा आहे. आत्ता जाऊन तो बाहेर काढ, कुपी फुटू न देता डब्यात ठेव, आणि घातक कचरा घेतात त्या केंद्रावर स्वतः नेऊन दे.