दैव, पुरुषकार आणि भरून येणारी जखम

शरीर स्वतःहून जखम भरून काढते ही ईश्वरी योजना मानली, तर त्या क्रियेला आवर घालण्याचा अधिकार माणसाला आहे काय, हा प्रश्न फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्यक्ष उभा राहतो. फुप्फुसाच्या आवरणाचे दोन पदर असतात आणि मधल्या थोड्याशा द्रवामुळे ते प्रत्येक श्वासाबरोबर एकमेकांवरून सहज सरकतात. मात्र शस्त्रक्रियेत ते दुखावले की तेथे फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारे तंतुमय प्रथिन, साचते, आणि ते वेळेत विरघळले नाही तर त्यात तंतुपेशी शिरून पक्के बंध तयार होतात. या चिकटण्याला आसंजन म्हणतात. त्यामुळे कधी फुप्फुसाचे फुलणे आखडते, तर पुन्हा छाती उघडण्याची वेळ आल्यास काम जोखमीचे होते.

ईश्वरी योजना आणि मानवी प्रयत्न यांचा हा प्रश्न लोकांच्या आचरणातही दिसतो. सौंसर तालुक्यातील जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमंताला लोक रोगमुक्तीचे साकडे घालतात, आणि पांढुर्णा-सौंसरचे रुग्ण मोठ्या उपचारांसाठी नागपूरही गाठतात. या दोन वाटांत विरोध मानण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पूर्वजन्मीच्या कर्माला दैव आणि या जन्मीच्या कर्माला पुरुषकार म्हटले असून, त्यांपैकी बलवान ते दुर्बळावर मात करते असे सांगितले आहे. आयुष्य सर्वस्वी ठरलेलेच असते तर मंत्र आणि औषध दोन्ही व्यर्थ ठरले असते, असा त्यामागचा युक्तिवाद आहे.

आसंजन स्वभावतः वाईटही नाही, कारण फुप्फुसाभोवती वारंवार हवा किंवा पाणी साचत असेल तर डॉक्टर निर्जंतुक टाल्क सोडून हेच पदर मुद्दाम चिकटवतात. जखम भरणारी प्रकृती प्रयोजन ओळखत नाही. ते ओळखणे विवेकाचे काम आहे. म्हणूनच शल्यचिकित्सक शक्य तेथे दुर्बिणीने लहान छिद्रांतून काम करतो, ऊती हळुवार हाताळतो, आणि साचणारे रक्त व द्रव नळीवाटे बाहेर काढतो. आसंजन पूर्णपणे टाळण्याची हमी यातून मिळत नाही, पण त्याची कारणे कमी होतात. पुढे रुग्ण टाक्यांवर उशी दाबून खोकतो, दीर्घ श्वास घेतो, लवकर चालू लागतो, तेव्हा कफ सुटतो आणि फुप्फुस फुललेले राहते.

ज्या वायुपुत्रापुढे रुग्ण हात जोडतो, त्याच्या भक्तीत श्वासासाठी केलेल्या या कष्टांनी काहीही उणे होत नाही. उलट लाभलेल्या देहाची जबाबदारी स्वीकारल्याशिवाय कृपेची याचना अपुरीच राहते.