सृष्टीची पंगत आणि वगळलेला परिच्छेद

थॉमस रॉबर्ट माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध १७९८ साली निनावी प्रसिद्ध झाला. १८०३ साली त्याची पुष्कळ विस्तारलेली दुसरी आवृत्ती लेखकाच्या नावानिशी निघाली. तीतील एक परिच्छेद १८०६ च्या आवृत्तीत मात्र आढळत नाही. सृष्टीने मांडलेल्या पंगतीचे रूपक त्या परिच्छेदात योजले होते. मालकी आधीच प्रस्थापित झालेल्या जगात जो जन्मला, आईबाप ज्याचा निर्वाह करू शकत नाहीत आणि ज्याच्या श्रमाची समाजाला गरज नाही, त्याच्यासाठी या पंगतीत पान वाढलेले नसते. यजमानीण सृष्टी त्याला निघून जाण्यास फर्मावते. बसलेल्यांनी कळवळून त्याला जागा करून दिली, तर आणखी आगंतुक येतात आणि विपुलतेच्या जागी टंचाई येते, असा त्याचा आशय होता.

हे रूपक केवळ अलंकरण नव्हे. लोकसंख्या भूमितीश्रेणीने व अन्न अंकगणिती श्रेणीने वाढते, हे माल्थसच्या प्रतिपादनाचे अधिष्ठान. परंतु श्रेणींच्या गणितात यजमान नसतो, पाहुणा नसतो आणि आगंतुकही नसतो. अन्न अपुरे आहे, एवढेच गणित सांगू शकते. ते कोणाला अपुरे पडावे, हा निवाडा त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. तो निवाडा रूपक करते. आधी बसलेले कोणत्या अधिकाराने बसले, हा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच ते 'पाहुणे' ठरतात, आणि मालमत्तेची मानवनिर्मित व्यवस्था सृष्टीच्या आज्ञेचे रूप घेते.

तथापि याच रूपकात त्याचे खंडनही दडलेले आहे. बसलेले लोक सरकून जागा करू शकतात, हे त्यातच मान्य केले आहे. गुरुत्वाकर्षणाला कोणाच्या आज्ञापालनाची गरज भासत नाही; माल्थसच्या सृष्टीला मात्र आपला हुकूम अमलात आणण्यासाठी पाहुण्यांचे सहकार्य लागते. ज्या नियमाचा भंग करुणेने होऊ शकतो, त्याला निसर्गनियम म्हणता येत नाही.

यावर माल्थसच्या बाजूने असे म्हणता येईल, की नियम आज्ञेचा नसून परिणामाचा आहे. आजची करुणा उद्याच्या अधिक मोठ्या दुःखाला कारण होते. हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही, आणि त्यामागे क्रौर्यच होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. पण मग तो दूरदृष्टीचा सल्ला ठरतो, आणि सल्ल्याची जबाबदारी सल्लागाराकडे येते. सर्वांनी थोडेथोडे कमी जेवावे, हाही एक पर्याय होता. त्याऐवजी एकाने उठून जावे, ही निवड सृष्टीची नव्हे.

परिच्छेद वगळल्याने ही जबाबदारी संपली काय? रूपक गेले, परंतु ज्याचे श्रम निर्वाहापुरते मोल मिळवू शकत नाहीत त्याला निर्वाहाचा हक्क नाही, हे विधान पुढील आवृत्त्यांतही राहिले. १८२० साली विल्यम गॉडविनने माल्थसला उत्तर देताना तोच वगळलेला परिच्छेद पुन्हा वाचकांपुढे ठेवला. १८३४ साली इंग्लंडमध्ये दारिद्र्यविषयक नवा कायदा आला. तो घडविणाऱ्या विचारात माल्थसचा वाटा मोठा होता. कायद्याच्या भाषेत पंगत नव्हती आणि दारातला माणूसही दिसत नव्हता.

म्हणूनच वगळलेल्या परिच्छेदाला टिकून राहिलेल्या संहितेहून अधिक नैतिक मोल आहे. त्यात निदान नकार देणारा आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज नेमका कोणाचा, असे विचारण्याची सोय राहते.