जबह केलेल्या सशाचे उरलेले अवयव

मक्केजवळील मर्रुज्जहरान येथे हजरत अनस (रजि.) यांनी एक ससा पकडला. हजरत अबू तलहा (रजि.) यांनी तो जबह करून त्याच्या मांड्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे पाठविल्या आणि त्यांनी त्या स्वीकारल्या. ससा हलाल असल्याचा हा पुरावा होय. परंतु मांस काढल्यावर जे उरते, त्याचे काय? मेलेल्या बकरीबाबतही प्रेषितांनी (स.) विचारले होते की, तिचे कातडे कमावून उपयोगात का आणले नाही, निषिद्ध आहे ते तिचे खाणे. मग अल्लाहचे नाव घेऊन जबह केलेल्या जनावराचे कातडे उकिरड्यावर का जावे? ते कमवावे, हाडांचा रस्सा करावा, रक्त व आतडी झाडाजवळ खोल पुरावीत. ज्याचे नाव घेऊन सुरी चालविली, त्याला उरलेल्याचाही हिशेब द्यावयाचा आहे.