स्मृतिविभ्रम म्हणजे विसरणं नव्हे

आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ६३वा. साखळी आपल्याला पाठ आहे: क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिविभ्रम, मग बुद्धिनाश.

पण रागावलेल्या माणसाला तर सगळं जास्तच आठवतं ना? दहा वर्षांपूर्वीचं भांडण तारीखवार सांगेल! मला वाटतं, विभ्रम तो हाच. एक गोष्ट नको इतकी ठळक होते आणि तिच्या शेजारची दिसेनाशी होते. आणि हे एकट्यादुकट्याचंच नाही, अख्ख्या समाजांचं होतं.

आपल्या घरचंच उदाहरण घेते. बंगालमध्ये बाळाला झोपवताना ‘बर्गी’ आले म्हणतात. बुलबुलांनी धान्य खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, असं त्या अंगाईत पुढे येतं. एका बंगाली मैत्रिणीने मला ती म्हणून दाखवली, आणि मग थोडं अवघडूनच सांगितलं की बर्गी म्हणजे तुम्ही लोक.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला तो सरकारातून मिळायचा. नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून चौथाईसाठी बंगालवर जात राहिल्या. गावं जळाली, माणसं पळाली. कलकत्त्याच्या लोकांनी धास्तीने खंदक खणला, त्याचं नावच ‘मराठा डिच’. १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख चौथाई ठरली आणि ओडिशा नागपूरकरांकडे आला. आम्ही शाळेत शिकलो ते मराठ्यांचा दरारा कटकपर्यंत होता, एवढंच. आणि नवाब अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांना बोलणीसाठी बोलावून दग्याने मारलं, ते मात्र आम्हाला नीट ठाऊक असतं. खरंच आहे ते. जळालेली गावंही खरीच आहेत.

पुढे वंगभंगाचा काळ आला. इंग्रजांविरुद्ध एक व्हायचं होतं. १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली, १९०६ मध्ये टिळक कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवाला गेले. ज्यांच्या भीतीने खंदक खणला, त्यांच्याच राजाचा जयजयकार! मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू. शिवाय शिवराय त्या स्वाऱ्यांच्या ६० वर्षं आधीच गेलेले. त्यांच्यावर त्याचा दोष नाहीच. पण या नव्या इतिहासात जळालेल्या गावांना जागा नव्हती. ती राहिली अंगाईत.

म्हणून मला गंगाराम मोठा वाटतो. त्याच काळातल्या या बंगाली कवीचं ‘महाराष्ट्र पुराण’ आहे. त्यात पृथ्वीला पापाचा भार होतो, तेव्हा खुद्द शंकर साताऱ्याच्या शाहूंना प्रेरणा देतात, आणि मराठे बंगालवर येतात. म्हणजे आपल्या लोकांचं पाप तो आधी मांडतो. पण बर्गी बायकांवर, ब्राह्मणांवर, गरिबांवर अत्याचार करू लागतात, तेव्हा देवी भास्करपंतांवर उलटते. गंगारामाला कुणाचंच झाकायचं नाही. इतकं सोसलेल्या मुलखात बसून हे लिहायचं!

आज फोनवर इतिहासाचे रील्स बघताना हा श्लोक आठवून बघा. रक्त तापलं की थांबायचं, आणि विचारायचं: या गोष्टीत दुसऱ्याच्या घरची अंगाई कुठली?

उद्या ६४वा श्लोक, रागद्वेषातून सुटलेल्या माणसाचा. तो मला जास्त अवघड वाटतो.